नाली तलावाच्या पाळीशी येऊन थांबते तेव्हा

सकाळी सहा-साडेसहाला नळ सुटतो. सिंदेवाही, मूल, नागभीड या धानपट्ट्यातल्या एखाद्या गावात ही वेळ गाठून गल्लीत उभे राहिले, तर पाण्याचे दोन आवाज ऐकू येतात. पहिला गुंडात पडणाऱ्या पाण्याचा. त्याची वाट गावातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. दुसरा अर्ध्या तासाने सुरू होतो. न्हाणीच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून साबणाचा फेस, तांदळाचे धुवण, खरकटे असे सगळे घेऊन पाणी सिमेंटच्या नालीत उतरते. घरामागून घर जोडत नाली पुढे जाते. वळणावर तिचा उतार चुकलेला असतो. तिथे पाणी थांबते, काळे पडते, त्यावर साय धरते. तिथून ती शाळेच्या कुंपणाला लागून सरकते आणि गाव संपते तिथे संपते. पुढे तिच्यासाठी कोणी काही बांधलेले नसते. पुढे कोणाची तरी धानाची बांधी असते, नाहीतर बोडी म्हणजे छोटे तळे, नाहीतर तलाव.

या दुसऱ्या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांना आता पुढे ढकलता येणार नाही. नळाचे पाणी घरात आणणे ही सरकारची आणि गावाची मोठी कमाई आहे. पण पाणी आत आणण्याचा आराखडा झाला आणि ते बाहेर पडल्यावर कुठे जाईल याचा झाला नाही, तर ती कमाई गावाच्या तलावात आणि गावकऱ्यांच्या पायात रोग होऊन उतरते. हे शब्दशः खरे आहे, आणि पूर्व विदर्भाइतके ते फार थोड्या ठिकाणी खरे असेल.

आधी हिशेब पाहू. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषणा झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात पोचवण्याचे ठरवले. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ६५ ते ७० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे सरकारी आराखड्यांत धरले जाते. आठशे वस्तीच्या गावात रोज ४४ हजार लिटर पाणी आले, तर तीस हजार लिटरच्या आसपास बाहेर पडणार. दहा हजार लिटरचे तीन टँकर रोज वेशीवर आणून रिते करावेत, तितके हे पाणी. महिन्याला नऊ लाख लिटर.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण पाणीच नव्हते. विहिरीवरून किंवा बोरिंगवरून बाई दोन-तीन गुंड डोक्यावर आणायची आणि ते दिवसभर पुरवायची. कपडे तलावावर, गुरे तलावावर, आंघोळही बहुतेकांची तिथेच. घरी जे थोडे पाणी सांडे, ते घरामागच्या सांदवाडीत सोडलेले असे. न्हाणीच्या तोंडाशी दोन केळी, धोप्याचा म्हणजे अळूचा दाट पट्टा, एखादी कर्दळ, आणि त्याच्या पुढे पाणी दिसायचेच नाही. धोप्याची रुंद पाने हीच त्या घराची सांडपाण्याची सोय होती. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तो बायकांच्या मानेवर आणि कमरेवर उभा होता. पण न्हाणीचे पाणी घराच्या आवारातच संपवायचे असते, ही समज त्यात होती. नळ आला, सांदवाडीत खोली चढली, गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, आणि त्या रस्त्याच्या कडेने आलेल्या नालीने ही समज पुसून टाकली. आपल्या दारातून पाणी पुढे गेले की आपले काम झाले, असे घर समजू लागले. पुढच्या घराचेही तसेच. शेवटच्या घराचे पाणी तलावात.

आणि हा तलाव साधा नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी आणि इतर समाजांनी उतार ओळखून, पाळी घालून ते बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले, पण गावाचा निस्ताराचा, म्हणजे रोजच्या वापराचा, हक्क त्यावर राहिला. आजही धान त्यावर पिकते, ढिवरांच्या मच्छीमार सोसायट्या त्यात बीज सोडतात, शिंगाडा लावतात, उन्हाळ्यात गावातल्या विहिरींची पातळी त्याच्या ओलीवर टिकते. त्यात रोज साबणाचे आणि खरकट्याचे पाणी येऊ लागले की त्यातला नत्र आणि स्फुरद जलपर्णी पोसतो. कडेने बेशरम माजते. जलपर्णीचे छप्पर झाले की खाली ऊन पोचत नाही, कुजणाऱ्या गाळाने पाण्यातला प्राणवायू खाल्ला जातो आणि पहाटे मासे वर तोंड काढून मरतात. ढिवराचे नुकसान होते, पण ते कोणत्याही योजनेच्या खर्चात धरलेले नसते.

चंद्रपूर शहराने हे आधीच भोगले आहे. गोंडकालीन रामाळा तलावात शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे येत राहिले. अखेर २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांना त्यासाठी उपोषणाला बसावे लागले. महाकाली मंदिराजवळून वाहणाऱ्या झरपटीची आणि पुढे इरईची अवस्था चंद्रपूरकरांना सांगायला नको. शहराला पाणी शुद्ध करायचे तर यंत्रे, वीज, नळांचे जाळे आणि कोट्यवधींचा खर्च लागतो. गावाला यातले बहुतेक काही लागत नाही. गावाकडे शहराकडे नसलेली जागा आहे, माती आहे आणि एकमेकांना ओळखणारी माणसे आहेत. शहराच्या वाटेने जाऊन मग मागे फिरायचे, की तलाव अजून आपला आहे तोवर नाली अडवायची, हे गावाने आताच ठरवायचे आहे.

आता त्या पायातल्या रोगाकडे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे हत्तीरोगाचे जुने जिल्हे. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाच्या धाग्यासारख्या कृमीमुळे तो होतो आणि क्युलेक्स जातीचा डास तो एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. हा डास साचलेल्या, कुजक्या, घाण पाण्यात वाढतो. उतार चुकलेली नाली, शौचालयाच्या टाकीतून झिरपलेले डबके, न्हाणीमागचा चिखल ही त्याची आवडती घरे. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे एखादे डबके दहा दिवस तसेच राहिले की डासांची एक पिढी उडून घरात येते.

या रोगाचे जंतू माणसाच्या रक्तात रात्री वर येतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री आठनंतर वस्तीत फिरून बोटातून रक्ताचा थेंब घेतात. लोक झोपायच्या बेतात असतात, कुत्री भुंकतात, बॅटरीच्या उजेडात काचपट्टीवर नाव लिहिले जाते. दरवर्षी गोळ्या वाटल्या जातात. २०१८-१९ मध्ये नागपूरसारख्या निवडक जिल्ह्यांपासून डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन अशा तीन औषधांची एकत्र मोहीम सुरू झाली. देशाने २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवण्याचे ठरवले आहे. गोळ्या घेतल्याच पाहिजेत. पण गोळी रक्तातले जंतू मारते. नालीतला डास तिला मारता येत नाही.

एकदा पाय सुजून जाड झाला की तो सहसा पूर्ववत होत नाही. त्या माणसाला डॉक्टर सांगतात, की पाय रोज साबणाने, स्वच्छ पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्यांतून हलक्या हाताने पुसून कोरडा करा, उंचावर ठेवा. एखादी म्हातारी संध्याकाळी न्हाणीच्या दगडावर बसून, कातडीच्या एकेका घडीत बोट घालून आपला पाय धुते. बांधीत चिखलणीला उतरून चाळीस वर्षे राबलेला तो पाय. ते पाणी भिंतीच्या भोकातून त्याच नालीत जाते आणि तिच्या दारासमोर साचते. नातवंडे त्याच ओट्यावर निजतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नाल्या बंद केल्या म्हणून गडचिरोलीचा हिवताप जाणार नाही. हिवतापाचा ॲनॉफेलीस डास नितळ पाण्यात, ओढ्याच्या कडेला, जंगलातल्या झऱ्यात वाढतो. डेंग्यूचा डास घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. त्यांच्यासाठी मच्छरदाणी, फवारणी, आठवड्याचा कोरडा दिवस हेच उपाय. सांडपाण्याची लढाई क्युलेक्सशी, हगवणीशी आणि तलावाच्या नासाडीशी आहे. एवढी कारणे पुरेशी आहेत.

मग इतकी वर्षे झाले काय? नाल्या झाल्या. ग्रामपंचायतीच्या फलकांवर पाहिले तर सिमेंट रस्ता आणि सिमेंट नाली ही दोन कामे सर्वांत जास्त दिसतात. त्यांचे अंदाजपत्रक बनवणे सोपे, मोजमाप सोपे, उद्घाटनाला दिसायलाही चांगले. पण अंदाजपत्रकात नालीची लांबी असते, तिचे तोंड कुठे उघडते हे नसते. वॉर्ड क्रमांक दोनमधल्या अमुक घरापासून तमुक घरापर्यंत, असा तिचा पत्ता. त्या तमुक घराच्या पुढे काय, हे कागदावर कुठेच येत नाही. दोन वर्षांनी तिच्यात माती, प्लास्टिकच्या पिशव्या आणि पालापाचोळा भरतो. साफ करायला ग्रामपंचायतीकडे एखादा माणूस असतो आणि त्याच्याकडे बहुधा हातमोजेही नसतात. त्याने काढलेला गाळ नालीच्या काठावरच पडून राहतो आणि पहिल्या पावसात परत आत जातो. अशी नाली बांधणे म्हणजे एकाच्या दारातली घाण दुसऱ्याच्या दारात नेण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करणे होय.

उपाय नवे शोधायचे नाहीत. नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने सरपंच प्रल्हाद पाटील यांच्या पुढाकाराने घरोघरी शोषखड्डे केले आणि उघड्या नाल्यांची गरजच संपवली. पुढे जिल्हा परिषदेने तो नमुना जिल्हाभर नेला आणि नांदेड पॅटर्न म्हणून तो राज्याला माहीत झाला. लोक त्याला मॅजिक पिट म्हणतात. त्यात जादू काही नाही. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मधोमध सिमेंटची गोल टाकी, तिच्या वरच्या कडेजवळ चारी बाजूंनी भोके. टाकीभोवती खाली मोठे दगड, वर लहान दगड. न्हाणीचा पाइप थेट टाकीत. खरकटे आणि गाळ टाकीच्या तळाशी बसतो, वरचे पाणी भोकांतून दगडांत आणि दगडांतून मातीत जाते. वरून झाकण, त्यावर माती. पाणी उघड्यावर कुठेच येत नाही, म्हणून डासाला अंडी घालायला जागा उरत नाही. वर्षा-दोन वर्षांनी टाकी उघडून गाळ काढला की खड्डा पुन्हा चालू. पाच माणसांच्या घराचे दिवसाचे पावणेदोनशे-दोनशे लिटर पाणी हलक्या जमिनीत असा खड्डा सहज पिऊन टाकतो. रोजगार हमीच्या कामांतही शोषखड्ड्याला जागा मिळालेली आहे.

पण नांदेडचा खड्डा जसाच्या तसा उचलून चंद्रपुरात ठेवता येणार नाही, आणि इथेच जिल्ह्याच्या यंत्रणेची खरी परीक्षा आहे. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या पश्चिमेच्या तालुक्यांत काळी चिकण माती आहे. ती पाणी धरून ठेवते, खाली सोडत नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली आणि पलीकडे आरमोरी, वडसा हा धानाचा पट्टा. इथे श्रावणात विहिरीचे पाणी वाकून तांब्याने घेता येईल इतके वर असते. त्या महिन्यांत शोषखड्डा पाणी पिणार कुठून? उलट तो भरून वर येईल आणि त्यातली घाण शेजारच्या विहिरीत जाईल. म्हणून खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली भूजलाची पातळी यांत पुरेसे अंतर हवे, आणि पिण्याच्या विहिरीपासून तो चांगला लांब हवा. भामरागडच्या डोंगराळ भागात आणखी वेगळे चित्र: तीस-चाळीस घरांचे टोले, घराघरांत अंतर, भोवती मोकळी वाडी. तिथे नाली मुळात बांधूच नये. पर्लकोटा नदीच्या पुराने दरवर्षी वेढल्या जाणाऱ्या वस्त्यांत तर उघडी नाली म्हणजे पुराच्या पाण्यात घाण मिसळण्याची तयार वाट.

कोणत्या घरी काय चालेल हे कळायला मोठा इंजिनिअर लागत नाही. आवारात फूटभर खड्डा खणायचा, आदल्या दिवशी पाण्याने भिजवून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पाणी भरून काडी रोवायची आणि पाणी इंचभर उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचे. शाळेतली मुले हे काम करू शकतात. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसाळ्यात मोजले की गावाचा नकाशा आपोआप तयार होतो: या आळीत शोषखड्डा, त्या आळीत धोपा-केळीची वाडी, आणि तलावाकडच्या खालच्या वॉर्डात दोन्हीही नाही.

त्या खालच्या वॉर्डासाठी दुसरी रचना लागते, आणि तिचेही नमुने आहेत. पंजाबच्या जालंधर जिल्ह्यातल्या सीचेवाल गावचे संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी २००० मध्ये लोकांना घेऊन १६० किलोमीटरची काली बेईं नदी साफ करायला घेतली. नदीत येणारे गावांचे सांडपाणी थांबवल्याशिवाय नदी साफ राहणार नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आले. म्हणून त्यांनी गावांसाठी एक साधी मांडणी केली. सगळे पाणी बंद पाइपने गावाबाहेर आणायचे, ओळीने बांधलेल्या विहिरींतून फिरवायचे. एकीत जड गाळ बसतो, पुढच्या विहिरीत तेल-साबणाचा तवंग अडतो. मग ते मोकळ्या तळ्यात उन्हाला सोडायचे आणि तिथून पंपाने शेताला द्यायचे. पाणी वाया जात नाही आणि त्यातले खत पिकाला मिळते.

आपल्याला तर इतके दूर जायचीही गरज नाही. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने फायटोरिड नावाची पद्धत विकसित केली आहे. गाळ बसवलेले पाणी खडी भरलेल्या उथळ हौदांतून हळूहळू वाहू द्यायचे आणि त्या खडीत कर्दळ, पाणकणीस अशी झाडे लावायची. पाणी पृष्ठभागाच्या खालून वाहते, त्यामुळे डास होत नाहीत. मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव घाण खातात. वीज जवळजवळ लागत नाही. सांदवाडीतली कर्दळ जे काम एका घरासाठी करायची, तेच शास्त्राने मोजूनमापून सगळ्या आळीसाठी केलेले आहे. पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत, ज्यांना २००२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत उन्हाने आणि शेवाळाने शुद्ध होते आणि त्यावर मासे पोसले जातात. म्हणजे तळे हे सांडपाण्याचे औषधही होऊ शकते. अट एकच: ते तळे त्यासाठीच खोदलेले हवे आणि पाणी आधीच गाळ मागे ठेवून त्यात यायला हवे. जुना निस्ताराचा तलाव त्या कामाला लावायचा नसतो.

शौचालयांचा वेगळा विचार हवा. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानात १२ हजार रुपयांच्या प्रोत्साहन रकमेवर गावोगाव शौचालये उभी राहिली. त्यात दोन खड्ड्यांचे शौचालय सर्वांत शहाणपणाचे. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचे. पहिला वर्ष-दोन वर्षे बंद ठेवला की आत सुके, वास नसलेले खत तयार होते. पण खड्डा लवकर भरेल या भीतीने अनेकांनी मोठ्या सिमेंटच्या टाक्या बांधल्या आणि त्यांचा वरचा पाइप नालीत सोडला. हे पाणी न्हाणीच्या पाण्यासारखे नव्हे; त्यात कॉलरा, कावीळ, जंत सगळे असते. ते उघड्या नालीत येताच कामा नये. त्या पाइपाला शोषखड्डा जोडणे ही या सगळ्यातली सर्वांत तातडीची आणि सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. टाकी भरल्यावर ती यंत्रानेच उपसली पाहिजे; संरक्षक साधनांशिवाय माणसाला आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. वाई आणि सिन्नर या महाराष्ट्रातल्याच लहान शहरांनी ठरलेल्या वेळापत्रकाने टाक्या उपसण्याची पद्धत बसवून दाखवली. तालुक्याच्या नगरपंचायतीची गाडी भोवतालच्या गावांनाही ठरलेल्या वेळी मिळाली, तर हे इथेही होईल.

पैसा नाही, ही तक्रार आता पूर्वीइतकी टिकत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला ६६० रुपयांपर्यंत तरतूद केली गेली. त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगातून घालायचा. वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि आरोग्य व स्वच्छता हा त्याच्या वापराचा मान्य विषय आहे. आठशे वस्तीच्या गावाचे माणशी २८० रुपयांनी सव्वादोन लाख होतात. लोकवस्तीवर आधारलेला हा हिशेब लहान गावाला मारतो, हे खरे. दोनशे वस्तीच्या टोल्याला छप्पन हजारच मिळतात. पण छप्पन हजारांत चाळीस घरांचे शोषखड्डे गावाच्या श्रमदानाने होण्यासारखे आहेत. सिमेंटची नाली तेवढ्यात एका गल्लीचीही होत नाही.

पैशापेक्षा जागेची अडचण मोठी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. गावाबाहेर सांडपाण्याचे तळे करायचे तर जमीन कोणती? या दोन जिल्ह्यांत गावठाण संपते तिथे बहुतेकदा वन सुरू होते, नाहीतर झुडपी जंगल. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन गावाच्या तेरा प्रकारच्या सोयींसाठी देता येते. त्यात शाळा आहे, दवाखाना आहे, रस्ता आहे, पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी आहे, तलाव आणि लहान जलसाठेही आहेत. सांडपाण्याचे नाव त्यात नाही. २००६ मध्ये कायदा झाला तेव्हा जंगलातल्या गावात घरोघरी नळ येईल आणि त्याचे पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न पडेल, असे कोणाच्या मनात आले नसावे. आता तो पडला आहे. सांडपाणी शुद्ध करणारे लहान तळे ‘लहान जलसाठा’ या नोंदीत धरायचे की नाही, याचा स्पष्ट खुलासा आदिवासी विकास विभागाने केंद्राकडून मिळवावा. एका पत्राचे काम आहे. ते झाले नाही तर गावे नाली आहे तिथेच, म्हणजे तलावात, सोडत राहतील.

हे सगळे करणार कोण, याचे उत्तर या भूमीने पूर्वीच देऊन ठेवले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मर्दा या गावासोबत देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते होते. गावातलेच देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने त्या गावाने अभ्यासगट करून, सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घेण्याची रीत घालून दिली. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये हजार हेक्टरांवर हक्क मिळवून बांबूचा व्यवहार स्वतः सांभाळला, कुठे तोडायचे आणि कुठे नाही याचे नियम स्वतः केले. बांबूचे बेट कोणते राखायचे हे ज्या ग्रामसभेला कळते, तिला आपल्या न्हाणीचे पाणी कुठे जिरवायचे हे कळणार नाही, असे कोण म्हणेल? तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य यांना स्वतंत्र अध्याय दिले, ते गावाचा कारभार आणि गावाची स्वच्छता एकाच कामाचे दोन भाग मानून. चिमूरच्या परिसरात आजही त्या ग्रंथाचे वाचन होते.

फक्त ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यायला हवा, आणि तो बायकांच्या तोंडून यायला हवा. पाणी भरणाऱ्या त्या आहेत, भांडी घासणाऱ्या त्या आहेत, आजारी पायाची पट्टी बदलणाऱ्याही त्याच आहेत. नाली कुठे तुंबते हे सरपंचाआधी त्यांना माहीत असते.

जिल्हा परिषदेकडून तीन गोष्टी मागायला हव्यात. नळयोजनेचे काम पूर्ण झाल्याचा दाखला गावाच्या सांडपाण्याचा आराखडा आणि त्यातले निदान घरगुती खड्डे झाल्याशिवाय देऊ नये. नवीन नालीचे अंदाजपत्रक तिचे तोंड कुठे उघडणार हे नकाशावर दाखवल्याशिवाय मंजूर करू नये. ते मामा तलावात किंवा बोडीत उघडत असेल तर मुळीच नाही. आणि हत्तीरोगाचे रुग्ण किंवा रात्रीच्या तपासणीत जंतू सापडलेल्या गावांची यादी आरोग्य विभागाकडे आहेच. शोषखड्ड्यांचे काम त्या गावांपासून सुरू करावे. आरोग्य विभाग आणि पाणीपुरवठा विभाग एकाच इमारतीत बसतात. ती यादी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला हवी.

आणि गावाकडून एकच. ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी दहा-बारा जणांनी, त्यात अर्ध्या बायका, वरच्या वॉर्डातल्या पहिल्या घरापासून नालीच्या कडेने चालत जावे. कुठे पाणी थांबले आहे, कोणाच्या टाकीचा पाइप आत सोडला आहे, कोणाच्या आवारात खड्ड्याला जागा आहे, हे वहीत लिहीत जावे. नाली जिथे संपते तिथपर्यंत जावे, तलावाच्या पाळीवर उभे राहून ती वही एकदा मोठ्याने वाचावी, आणि दुसऱ्या दिवशी तीच वही ग्रामसभेत ठेवावी.